मासळीचं कोलॅजेन, गळ्यातली माळ आणि कळण्याची भाकरी : यावलच्या भाऊंना उत्तर

भाऊ, रामकृष्ण हरी.

‘पन्नाशीनंतर मरीन कोलॅजेन’ या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलं ते परवा रात्री वाचलं, काल पुन्हा वाचलं, आज सवडीनं उत्तराला बसले. कोलॅजेन म्हणजे त्वचा, हाडं, सांधे यांना बळकटी देणारं प्रोटीन; लेख त्याच्या पावडरीबद्दल होता. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कुठलंही प्रोटीन पोटात गेलं की पचून त्याचा चुरा होतो, मग डब्यातलं कोलॅजेन गुडघ्यात पोचेल कसं? लेख म्हणजे निव्वळ जाहिरात. आपल्याकडे घरोघरी माळकरी माणसं, त्यांना मासळीची भुकटी कसली सांगता? आणि तुमची आजी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीवर नव्वद वर्षं जगली, तिला कुठल्या डब्याची गरज पडली नाही.

माळेचं आधी घेते, कारण तिथं चूक माझी आहे.

मी लेखभर ‘मरीन’ लिहीत गेले. माशाची कातडी आणि खवले हे शब्द आले ते पार खाली, सहाव्या परिच्छेदात. आमच्याच घरी जे घडलं त्यानंतर तरी मी असं लिहायला नको होतं. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, गळ्यात तुळशीची माळ, कोथळीच्या मुक्ताईचं दर्शन चुकवत नाहीत. मागच्या दिवाळीत सुरतेच्या नातलगांनी गुडघ्यांसाठी म्हणून एक डबा आणला. त्यावर निळी लाट, आत पांढरी पावडर. समुद्रातलं शेवाळ-बिवाळ असेल असं सगळ्यांनी धरून चाललं. त्या रोज चमचाभर दुधातून घ्यायच्या. तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, दुधाला वास येतो. मी चष्मा लावून डबा फिरवला. मागं बारीक इंग्रजीत माशाचा उल्लेख आणि कोपऱ्यात मांसाहाराची तपकिरी त्रिकोणी खूण. मी सांगितलं तशा त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग एवढंच म्हणाल्या, “हाई काय दिधं माले?” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

आज मी लेखाचं शीर्षक बदललं आहे. ‘मरीन’च्या जागी ‘मासळीचं’ असं लिहिलंय, आणि पहिल्याच ओळीत हे शाकाहारी नाही असं घातलंय. अजून एक भर घातली : ‘व्हेज कोलॅजेन’ म्हणून जे विकतात त्यात सहसा कोलॅजेन नसतं. वनस्पतीत ते तयारच होत नाही. त्या डब्यांत बहुधा क जीवनसत्त्व, आवळा, असलं काही असतं.

आता पचनाचं. भाऊ, इथं तुमचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच मी तो लेख लिहिला होता. माझं माहेर प्रकाशा गावचं, तापीच्या काठचं. लहानपणी थंडीत रात्रीचा मासळीचा रस्सा उरला की सकाळी पातेल्यात खरवसासारखा थिजलेला असायचा. चुलीजवळ नेला की पुन्हा पातळ. माशाच्या कातडीतलं, काट्यांतलं कोलॅजेन शिजून रश्श्यात उतरतं, त्याचं ते जिलेटिन. कारखान्यात त्यावर एन्झाइमांची, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या द्रव्यांची, प्रक्रिया करून आणखी बारीक तुकडे करतात. मूळ रेणू साधारण ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप), पावडरीतले तुकडे काही हजारांचे. म्हणून ती पावडर थिजत नाही, गार पाण्यातही विरघळते.

हे तुकडे पोटात गेले की बहुतेकांची सुटी अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनच्या माळेतले सुटे मणी, होतात. डाळीचं होतं तसंच, तुम्ही म्हणता तसंच. पण सगळ्यांची नाही. कोलॅजेनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं, ते डाळीत जवळपास नसतं. त्याची प्रोलिन या दुसऱ्या अमिनो आम्लाशी असलेली जोडी पचनाला पुरून उरते. जिलेटिनची अशी पावडर प्यायलेल्या माणसांच्या रक्तात ही जोडी जपानी संशोधकांना सापडली, २००५ साली. प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी तिला प्रतिसाद देतात. तेव्हा डब्यातलं कोलॅजेन उचलून गुडघ्यात बसवलं जातं असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं. पण ‘सगळं पचून जातं, म्हणून काही होणंच शक्य नाही’ हेही खरं नाही.

शक्य आहे आणि होतं यात मात्र अंतर आहे, आणि लेखात मी ते झाकलं. जाहिरातीचा तुमचा आरोप मला तिथं लागला. एक पैसा मी कुणाकडून घेतलेला नाही. पाळी गेल्यानंतर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजेन जवळपास ३० टक्क्यांनी घटतं, हे वाचून स्वतःच्या हातांकडे बघत मी शोधायला लागले, आणि आशेनं लिहिलं. तुम्ही टोकल्यावर पुन्हा बसले. २०२५ मध्ये त्वचेवरच्या २३ चाचण्या, १,४७४ माणसं, एकत्र तपासल्या गेल्या. सगळ्या मिळून बघितल्या तर त्वचेचा ओलावा, लवचीकपणा, सुरकुत्या, तिन्हींत फरक दिसतो. ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता तेवढ्याच वेगळ्या काढल्या, तर फरक दिसत नाही. हे वाक्य माझ्या लेखात हवं होतं. आता आहे. सांध्यांसाठीचा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०११ मध्येच पुराव्याअभावी नाकारला होता. हाडांचं थोडं आशादायक आहे : पाळी गेलेल्या बायकांना वर्षभर रोज ५ ग्रॅम कोलॅजेन दिल्यावर मणक्याची हाडघनता वाढलेली २०१८ च्या एका चाचणीत दिसली. पण एका चाचणीवर मी कुणाला महिन्याला दीड-दोन हजार खर्च करा असं सांगणार नाही. शेतमजुरी करणाऱ्या बाईला तर नाहीच. ज्यांना परवडतं, मासळी चालते, माशाची अ‍ॅलर्जी नाही, त्यांनी हवं तर घ्यावं आणि किमान तीन महिने घेऊन बघावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आजीबद्दल. माझीही आजी कळण्याच्याच भाकरीवर वाढली. पण सत्तरीत ती कमरेतून काटकोनात वाकली होती आणि घरात त्याला कुणी दुखणं म्हटलं नाही, म्हातारपण म्हटलं. तेव्हा जुनं सगळं निरोगी होतं असं मला म्हणवत नाही. कळण्याबद्दल मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, ते उडीद भरून काढतो. कोलॅजेनमध्ये तर ट्रिप्टोफॅन हे गरजेचं अमिनो आम्ल अजिबात नाही, त्यामुळे अख्खा डबा संपवला तरी ते पुरं प्रोटीन होत नाही. साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रोटीन लागतं. आपल्याकडे सगळ्यांना वाढून झाल्यावर बाईच्या ताटात भाकरी, ठेचा आणि डाळीचं वरचं पाणी उरतं, ते मला जास्त छळतं. शरीर स्वतः कोलॅजेन बांधतं, त्याला क जीवनसत्त्व लागतं. ताटात लिंबाची फोड, हिवाळ्यात पेरू, आवळा. आणि मे महिन्यात डोक्यावर पदर, कारण आपल्या भागातलं ऊन त्वचेतलं कोलॅजेन मोडतं, त्याला कुठलीच पावडर पुरणार नाही.

सासूबाई आता ओसरीवर पाय पसरून बसतात, गुडघ्याखाली दुमडलेला टॉवेल, गुडघा खाली दाबून पाच आकडे मोजायचे, मग सोडायचा. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. आकड्यांऐवजी त्या विठ्ठलाचं नाव पाचदा घेतात. उठताना अजून खांब धरतात, पण आता एकाच हातानं.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या आजीच्या कळण्यात ज्वारीला उडीद किती असायचा, आणि मीठ दळणातच टाकायच्या का? आमच्याकडे उडीद जास्त झाला की भाकरी चिवट होते. कळवाल तर पुढचं दळण त्या मापानं करीन.