‘खापरांची नक्कल’ म्हणणाऱ्या वाचकांस

आदरणीय वाचक,

ॲरिझोनातील कुंभारीण नाम्पेयो हिच्या मडक्यांवरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे : “सिकयात्कीच्या उत्खननातील खापरांची ही नक्कल आहे, तिला घराण्याची कहाणी चिकटवून लेखकाने वाचकांची फसवणूक केली.” सिकयात्की या होपी आदिवासींच्या जुन्या, उजाड गावाचे उत्खनन १८९५चे असताना मी १८९६ लिहिले, ती चूक मान्य आहे. मात्र चूक दाखवणे वेगळे आणि ‘फसवणूक’ म्हणून हेतूवर शिंतोडे उडवणे वेगळे, एवढे भान टोपणनावाने लिहितानाही ठेवता येते.

आता ‘नक्कल’. नाम्पेयोचा नवरा लेसू हा पुरातत्त्वज्ञ फ्यूक्स यांच्या तिथल्या खोदकामावर मजूर होता, हे मीच लेखात लिहिले आहे. परंतु सिकयात्कीचे भग्नावशेष तिच्या हानो या टेवा लोकांच्या गावापासून जवळच, तिथली खापरे जमिनीवरच विखुरलेली आणि खोदकामापूर्वीही नाम्पेयो जुन्या नक्षीकडे वळलेली होती. तिचे वडील शेजारच्या वाल्पी गावचे होपी. म्हणजे ही खापरे तिला परक्याची कशी? पुढे नजर अधू झाली तेव्हा मडके तिने घडवायचे आणि रंगवायचे मुलींनी, असे चालले. मुलगी फॅनी आणि तिच्या मुलाबाळांनी बारीक समांतर रेषांची जी नक्षी पुढे नेली, तिला ते स्थलांतराची नक्षी म्हणतात. नक्कल अशी पिढ्यान्‌पिढ्या नांदत नाही.

मी अकरा वर्षे ॲरिझोनात काढली आहेत. हानो आणि वाल्पी ज्या पठारावर आहेत त्या फर्स्ट मेसावर एका बाईंच्या ओट्यावर बसून, त्या युक्काच्या पानाचे टोक चावून कुंचला करताना मी पाहिले आहे. चाक नाही, मातीच्या वळ्या रचायच्या, दगडाने घोटायचे आणि मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाळात भाजायचे. (गावात छायाचित्रांना बंदी आहे, तेव्हा ‘पुरावा द्या’ म्हणू नका.) त्यांच्याकडून घेतलेल्या वाडग्यावर जाळाचा एक नारिंगी डाग आहे. तो वाडगा हातात धरून रेषांवरून बोट फिरवलेल्या माणसाला तुम्ही घरबसल्या नक्कल शिकवता, याचे नवल वाटते.

हानोचे टेवा लोक स्पॅनिशांविरुद्धच्या १६८०च्या उठावानंतर रिओ ग्रान्दे नदीकडून आले, मग त्याहून जुन्या नक्षीत त्यांचे स्थलांतर कसे, ही तुमची दुसरी शंका. कहाणी नक्षीहून नंतरची असू शकते. त्यात विशेष काय? किमती आणि पर्यटकांना मडकी विकणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीविषयीचे शेरे तर लेखाच्या विषयाबाहेरचेच आहेत.

साल दुरुस्त केले आहे. ‘घराण्याची नक्षी’ हे शीर्षक तसेच राहील.