शाळा गावाच्या हाती दिल्या कधी?

‘शाळांचा कारभार गावाकडे देऊन पाहिला, काही सुधारलं नाही, आता सगळं वरूनच चालवा,’ असा मजकूर पालकांच्या गटांत फिरतो आहे. त्यातला एकेक दावा घेऊ.

‘कारभार गावाकडे दिला.’ शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २१ वाचा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. पण काम काय, तर देखरेख, शाळेचा विकास आराखडा बनवून त्याची शिफारस आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष. शिक्षकांची भरती राज्य सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन. चौथीला शिक्षक नसेल तर समिती ठराव करते आणि वाट पाहते. याला अधिकार म्हणत नाहीत.

‘पैसा वाया घालवला.’ समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. त्यातच वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. रक्कम मार्चच्या तोंडावर आली, की गरजेची नव्हे, दुकानात तयार असलेली वस्तू घेतली जाते.

‘पालकांना आराखडा जमत नाही.’ खरी गडबड इथेच आहे, पण दोष पालकांचा नाही. आराखडा ३ वर्षांचा: इयत्तावार पट, प्राथमिकला ३० मुलांमागे १ याप्रमाणे शिक्षक, खोल्या, शौचालयं, खर्च. घाईत जुनाच कागद उतरवला जातो, पालक सह्या करतात. त्याऐवजी ३० सप्टेंबरचा पट नक्की झाला (संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, तीही त्यावरच ठरते), की ऑक्टोबरमध्ये अंगणवाडीच्या नोंदवहीतून पुढच्या ३ वर्षांत पहिलीला येणारी मुलं मोजा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची यादी वेगळी ठेवा, नाहीतर दिवाळीनंतरचा पट चुकतो. डिसेंबरमध्ये प्रत्येक कामाचा अंदाजखर्च लिहा आणि आराखडा गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोच घेऊन द्या. मार्चमध्ये दिलेला आराखडा पुढच्या तरतुदीत बसणं अवघड.

‘अभ्यासक्रमात गाव वाटेल ते घुसवेल.’ कलम २९ प्रमाणे अभ्यासक्रम राज्याने नेमलेली शैक्षणिक संस्थाच ठरवते. त्या चौकटीत स्थानिक आशय बसतो. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तकं जिल्हानिहाय काढली आहेतच. पण जिल्हा हे एकक पुरेसं नाही. मेळघाटात पहिलीत येणारी कित्येक मुलं घरी कोरकू बोलतात. त्यांना आधी कोरकूतून समजावून मग मराठी अक्षरांकडे न्यायला कोरकू जाणणारा माणूस वर्गात लागतो. तो गावातच असतो. त्याला नेमण्याचा अधिकार आणि मानधनाची रक्कम मात्र समितीकडे हवी.