घाटी उतरू इच्छिणाऱ्या स्वारांस हितोपदेश

कोकणातल्या घाट्यांवर, म्हणजे उभ्या डोंगरवाटांवर, मोटारसायकली घालण्याची सामूहिक मोहीम काढायचे ठरले, की पहिला प्रश्न तारखेचा येतो. तो सोडवताना पाऊस, भातशेती आणि आंबा या तिन्ही गोष्टींकडे पाठ फिरवावी आणि जोडून सुट्टी कधी आली आहे एवढेच पाहावे. ती बहुधा ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे सापडते, आणि त्या दिवसांत जांभ्या दगडावर शेवाळाचा असा थर चढलेला असतो की त्यावरून गावातला माणूससुद्धा अनवाणी, बोटे रोवून चालतो. किनारपट्टीवर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो, ही माहिती एखाद्या भित्र्या सभासदाने पुढे केलीच, तर ‘मग मजाच आहे’ असे उत्तर द्यावे. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळीये येथे दरडीखाली वाडी गाडली गेली, याची आठवण कोणी करून दिली, तर ती माणसे तिथे राहत होती, आपण फक्त जाऊन येणार आहोत, असे त्याला समजावून सांगावे. दरडीलाही हा फरक कळत असावा. डिसेंबर-जानेवारीत वाटा कोरड्या असतात, हवा बरी असते आणि कापणीही आटोपलेली असते. परंतु त्या काळात सर्वांना एकाच दिवशी रजा मिळत नाही, त्यामुळे तो विचार सोडून द्यावा.

माणसे निवडताना संख्या पंधराच्या खाली येऊ देऊ नये. चार-पाच जणांचा गट एका वळणावर अख्खा दिसतो आणि कोणी मागे राहिला तर लगेच कळते. त्यात मोहिमेची भव्यता ती काय राहणार? ज्याने उमेदीची वर्षे कच्च्या वाटांवर घालवली आहेत तो, ज्याने गेल्याच महिन्यात गाडी घेतली आहे तो, आणि ज्याला ‘नुसते फोटो काढून या’ या अटीवर घरून सोडले आहे तो, असे तिघेही एकाच वाटेवर एकाच वेगाने जातील हे गृहीत धरावे. सर्वांत तरबेज स्वाराला पुढे ठेवावे, म्हणजे तो पहिल्या दहा मिनिटांत दिसेनासा होईल. सर्वांत नवख्याला अगदी शेवटी ठेवावे, म्हणजे तो पडल्याचे कोणाला कळणार नाही. जाणती मंडळी याच्या उलट करतात. शेवटी एक मुरलेला स्वार राहतो, त्याच्याकडे हत्यारे आणि प्रथमोपचाराची पेटी असते. प्रत्येक फाट्यावर म्होरक्याच्या मागचा स्वार थांबतो, शेवटचा माणूस दिसेपर्यंत जागचा हलत नाही, आणि पुढच्या फाट्यावर ती पाळी दुसऱ्यावर जाते. या पद्धतीत कोणीच चुकत नाही, त्यामुळे रात्री मुक्कामावर सांगण्यासारखे काही उरत नाही, हा तिचा मोठा दोष आहे.

वाट ठरवण्यासाठी मोबाईलवरचा नकाशा भरपूर झाला. खेड तालुक्यातल्या चोरवण्यापासून कोयनेच्या जलाशयापर्यंतचे अंतर त्यावर दोन बोटांत मावते, आणि मधली तुटक रेघ पाहून मनाला उभारी येते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा पन्नास हजारी नकाशा मात्र चुकूनही उघडू नये. त्यावर उंचीच्या दर वीस मीटरला एक याप्रमाणे समोच्च रेषा काढलेल्या असतात, आणि सह्याद्रीच्या कोकणाकडच्या कड्याशी येता येता त्या एकमेकींना इतक्या खेटतात की कागद तपकिरी दिसू लागतो. पायथ्याची वाडी समुद्रसपाटीपासून शे-दीडशे मीटरवर, माथा हजारांच्या आसपास आणि दोहोंमधले सरळ अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, हे असे कागदावर मांडलेले पाहिले की चांगली चांगली माणसे घरातली कामे आठवू लागतात. या घाटवाटा मीठ, मासळी आणि तांदूळ घेऊन जाणाऱ्या बैलांच्या तांड्यांसाठी व पायी चालणाऱ्यांसाठी पडल्या, ही गोष्ट खरी आहे. परंतु तिचा उपयोग आपल्या बाजूने करावा. लादलेला बैल चढून जात होता, तर दोनशे सीसीची गाडी का चढणार नाही, असा बिनतोड प्रश्न सभेत विचारावा. पाय कोठे टाकायचा हे बैल स्वतः पाहून ठरवतो आणि पटले नाही तर थांबतो, हा तपशील गाडी विकणाऱ्याने माहितीपत्रकात दिलेला नाही, तेव्हा आपणही त्यात शिरण्याचे कारण नाही.

वाटेचा अवघड टप्पा आधी पायी जाऊन पाहावा, असे सांगणारेही भेटतात. त्यात एक रविवार फुकट जातो, आणि दुसरे म्हणजे गावात विचारपूस करावी लागते. वाडीतल्या खळ्यात बसलेले काका ‘गाडी नाय जायाची वो तिथनं, गेल्या पावसात व्हाळानं वाट नेलीन’ असे सांगून मोकळे होतात, आणि पंधरा जणांनी दोन महिने खपून केलेल्या नियोजनावर एका वाक्यात पाणी पडते. अशा वेळी नम्रपणे हसावे आणि ‘काका, आमच्याकडे ट्रॅक आहे’ असे म्हणावे. तो ट्रॅक, म्हणजे मोबाईलच्या नकाशावर नोंदवलेली वाट, कोणा अनोळखी माणसाने दोन वर्षांपूर्वी टाकलेला असतो. तो त्या वाटेने गाडीवरून गेला, पायी गेला, चढला की उतरला, हे त्या निळ्या रेघेवरून कळत नाही, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कोणाचे दुमत होत नाही.

परवानगीच्या भानगडीत पडू नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, आणि चिपळूण-खेडच्या डोक्यावरचा बराचसा माथा त्याच्या हद्दीत येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. पण वनरक्षक अडवील तेव्हा ‘आम्ही निसर्गप्रेमीच आहोत’ हे सांगायला आपल्याकडे पंधरा तोंडे असतात. जंगल नकोच म्हणत असाल, तर खाली सडे आहेतच. मैलोगणती मोकळा कातळ, ना झाड ना कुंपण, गाडी गरगर फिरवायला याहून उत्तम जागा नाही, असे पाहणाऱ्याला वाटते. पावसाच्या तोंडावर तिथे दिपकाडी नावाची रानवनस्पती फुलते, ती चाकाखाली आली तरी आवाज करत नाही. रत्नागिरी आणि राजापूरच्या सड्यांवर कातळात कोरलेली चित्रे आहेत, कशेळीला तर अजस्र हत्ती आहे, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. त्यांतली बरीच पायाशी जाऊन वाकून पाहिल्याखेरीज दिसत नाहीत. गाडीवरून तर मुळीच दिसत नाहीत, त्यामुळे आपल्याला दोष लागत नाही.

गाडीच्या तयारीवर मात्र मनसोक्त खर्च करावा: हँडलला दिवे, टाकीला स्टिकर, हेल्मेटला कॅमेरा. टायरमधली हवा हा दुर्लक्ष करण्याचा विषय आहे. रस्त्यासाठी तीस पीएसआयच्या आसपास ठेवलेला दाब खडकाळ चढावर वीस-बावीसपर्यंत उतरवला, तर टायर दगडाला धरून चालतो. पण मग परत भरायला पंप न्यावा लागतो, दाब फारच उतरवला तर दगडावर आपटून ट्यूब फुटते म्हणून पॅचही न्यावे लागतात, आणि पॅच लावता येणारा एक तरी माणूस गटात लागतो. त्यापेक्षा कडक टायरवर उसळत जाणे पुरुषार्थाचे दिसते.

आता उताराविषयी. चढावर गाडी बंद पडली तर अपमान होतो एवढेच. खरी हौस घाटी उतरताना भागते, आणि म्हणून या भागाला पुरेसा वेळ द्यावा, अर्थात नंतर. मोहीम मे महिन्यात निघाली असेल, तर वाटेवरचा जांभा सुटून त्याची खडी होते आणि तिच्यावर चाक सुक्या वाटाण्यांवर पडलेल्या पायासारखे निसटते. असे झाले की आपल्या उजव्या हाताला अंतःप्रेरणेने जे सुचेल ते त्याला करू द्यावे. हात पुढचा ब्रेक गच्च आवळतो, पुढचे चाक जाम होते, आणि दोनशे किलोच्या घरातली गाडी स्वाराच्या आधी वळण पार करते. पहिल्या गिअरमध्ये राहून, क्लच न दाबता, इंजिनलाच गाडी अडवू द्यावी, मागचा ब्रेक हलका लावावा, पुढच्याला एका बोटाने फक्त विचारून पाहावे, गाडीच्या फूटरेस्टवर उभे राहून कंबर मागे न्यावी आणि नजर चाकाखाली न ठेवता पंधरा-वीस फूट पुढे ठेवावी, असा सगळा सराव सपाट मैदानावर करून येणारी माणसे असतात. ती हळू उतरतात. त्यांची चित्रफीत कोणी पाहत नाही.

एका वेळी एकानेच उतरावे आणि तो खाली सपाटीवर पोचून हात दाखवेपर्यंत दुसऱ्याने इंजिन सुरू करू नये, हा नियमही असाच रसभंग करणारा आहे. पंधरा जणांनी एकामागोमाग उतारावर येण्यात जो एकोपा आहे तो त्यात कसा येईल? पहिला आडवा झाला की दुसरा त्याच्यावर, तिसरा दुसऱ्यावर, आणि चौथा कारवीच्या झुडपांत. मग सर्वांनी मिळून गाड्या उचलाव्यात, चाकामागे लावायला आजूबाजूचे दगड बिनधास्त उपटावेत, आणि त्या दगडाखाली फुरसे वेटोळे करून बसलेले असेल तर त्याच्या शांततेचा आदर राखून सर्पदंशावरचे प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात आहे याची चौकशी त्या वेळी सुरू करावी. मोबाईलला रेंज नसल्यामुळे ही चौकशी एकमेकांतच होते.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गाडीरस्ता असेल तिथवर येते. तिच्या पुढे पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, असते, आणि पाखाडीवर पाय मोडलेला स्वार म्हणजे बांबूला बांधलेली चादर व ती खांद्यावर घेणारी चार माणसे. ही माणसे नियोजनात धरायला बहुतेक गट विसरतात, पण ती वाडीत असतातच. हातातली कामे टाकून येतात, दमत पाळ्या बदलतात, आणि खाली पोचल्यावर पैसे विचारले तर लाजतात. ज्या काकांना आपण ट्रॅक दाखवला होता, त्यांचा मुलगा त्यांत असण्याचा संभव मोठा आहे. त्याला हेल्मेटवरचा कॅमेरा सुरू असल्याचे सांगू नये.

गावातून जाताना ‘येवा, कोकण आपलाच आसा’ या निमंत्रणाचा शब्दशः अर्थ घ्यावा. बेडे, म्हणजे कुंपणाचे फाटक, उघडून आत गेल्यावर ते पुन्हा लावण्यात वेळ घालवू नये. गुरे बागेत शिरली तर त्यांना मोकळी हवा मिळते. गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत, आडवा आला तर चार दगड काढावेत, तो आजोबांनी रचलेला असल्याचे दगडांवर कोठे लिहिलेले नसते. वाळल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकवून फोटो काढण्यास बसावे. वणव्यात काजूची बाग जळायला अर्धा तास लागतो आणि झाड धरायला तीन-चार वर्षे, पण तोवर आपण बहुधा महामार्गाला लागलेले असतो. दुपारी कोणाच्या तरी ओटीवर पंधरा जणांनी अचानक उतरावे. घरातल्या काकू आधी पाणी देतात, मग सोलकढी आणि कुळथाची पिठी-भात होईल का म्हणून स्वतःच विचारतात. जेवून झाल्यावर ‘इथे हॉटेल काढा ना काकू’ असा उद्योगमंत्र देऊन उठावे.

घरी पोचल्यावर शेवटचे कर्तव्य राहते. वाडीचे नाव, व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, नाव आणि वळणाचा अचूक ठिकाणा चित्रफितीखाली टाकावा, कारण ज्ञान वाटल्याने वाढते. पुढच्या सुट्टीला तिथे पन्नास गाड्या जातील, त्याच्या पुढच्या सुट्टीला शंभर, आणि एके दिवशी वाटेच्या तोंडाशी साखळी, कुलूप आणि ग्रामपंचायतीचा फलक दिसेल. त्या फलकासमोर गाडी आडवी लावून फोटो काढावा आणि त्याखाली, कोकणी माणसाला पर्यटन कळतच नाही, असे खेदपूर्वक लिहावे.