करपलेल्या उंड्याची चव

आमच्या फोंड्याच्या घरात मद्यविषयक ज्ञान मार्चमध्ये वाढू लागते आणि पहिल्या पावसाबरोबर ओसरते, कारण ते सगळे हुर्राकाभोवतीच, म्हणजे काजूच्या बोंडांच्या हंगामी दारूभोवतीच, गोळा झालेले असते. हुर्राकाला परीक्षक लागत नाही. बाटलीचे बूच निघाले की काजूच्या बोंडांचा वास शेजारच्या तुळशीवृंदावनापर्यंत जातो आणि शेजारीण धाडकन खिडकी लावून घेते. परीक्षण तिथेच पूर्ण होते. अशा संस्कारांत वाढलेल्या मला भाच्याने मे महिन्यातल्या एका भर दुपारी क्राफ्ट ब्रुअरीत नेले आणि माझ्यासमोर लागर नावाच्या काळ्या बिअरचा पेला, एक पेन्सिल व एक छापील कार्ड ठेवले.

पेल्याचे मी समजू शकत होतो, पेन्सिलीने मात्र पोटात गोळा आला. कार्डावर रंग, फेस, गंध, चव आणि 'मागे रेंगाळणारी चव' असे पाच रकाने होते व प्रत्येकापुढे कोऱ्या ओळी होत्या. शाळा सुटल्यापासून रिकाम्या जागा भरण्याची वेळ माझ्यावर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी अर्ज करतानाच काय ती आली होती, आणि तिथेही जमिनीचा गंध कोणी विचारला नव्हता.

"एवढी काळी म्हणजे कडक असणार," असे म्हणून मी बेताचा घोट घेतला. त्यावर तिथल्या ब्रुअरने, म्हणजे दाढी राखलेल्या एका अत्यंत नम्र मुलाने, रंगाचा आणि नशेचा काही संबंध नसतो असे मला समजावले. जवाला मोड आणून ते वाळवतात व भाजतात, त्या माल्टमुळे रंग येतो. मद्यार्क मात्र नेहमीच्या पिवळ्या बिअरइतकाच, पाच टक्क्यांच्या आसपास. ज्या घरात सुमारे 42 टक्क्यांची फेणी मुलांच्या छातीला सर्दीवर चोळली जाते, तिथल्या माणसाने पाच टक्क्यांना दबकून घोट घ्यावा, ही गोष्ट भाच्याने पुढे घरी सर्वांना सांगितली.

मुलगा बोलता बोलता रंगात आला. लागरचे यीस्ट दहा अंशांच्या आसपास, अगदी सावकाश काम करते. मग बिअर कित्येक आठवडे जवळजवळ शून्य अंशावर ठेवून देतात. 'लागर्न' या जर्मन शब्दाचा अर्थच मुळी साठवून ठेवणे. "म्हणजे लोणचे," मी म्हणालो. त्याने क्षणभर विचार केला आणि सौजन्याने मान हलवली. बाव्हेरियातली लागर पूर्वी बहुतेक अशी गडदच असे आणि पिल्झेनची सोनेरी बिअर 1842 साली आली, हेही त्याच्याकडूनच कळले. जिला मी जन्मभर थोरली समजत आलो, ती पिवळी धाकटी निघाली. हे सगळे चालले असताना काचेपलीकडच्या टाक्यांत यीस्ट गारव्यात बसले होते आणि अलीकडे मी घामाने निथळत होतो. त्या घटकेला माझी बदली टाकीत झाली असती तर मी हरकत घेतली नसती.

"मामा, लिही ना," भाचा म्हणाला.

रंग जमला. पेला खिडकीपुढे धरल्यावर काळेपण सरले आणि कडेला कोकमाच्या आगळासारखी लाली दिसली. फेसाला मी 'दुधाळ चहा' लिहिले. गंधापाशी मात्र गाडी अडली. मी दीर्घ श्वास घेतला, फेस नाकाला लागला, आणि त्यानंतरची शिंक कोणत्याही रकान्यात बसणारी नव्हती. पलीकडच्या टेबलावरचे एक तरुण जोडपे भराभर लिहीत होते. मी मान लांबवून पाहिले तेव्हा 'टोस्ट, कॅरमल, कोको' एवढे वाचता आले. त्यातला 'टोस्ट' मी उतरवत असतानाच भाच्याने पकडले. "कॉपी करू नकोस. तुला काय आठवते ते लिही."

मला खरे म्हणजे आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, आठवत होता. त्याच्या सायकलचा भोंगा वाजला की सकाळी मी स्वतः दारात जातो, प्रत्येक उंडो, म्हणजे गोल पाव, उलटा करून पाहतो आणि बूड करपलेला असेल तर परत देतो. या बाबतीत आमचे दोघांचे संबंध गेली काही वर्षे ताणलेले आहेत. पेल्यात नेमका तोच परत दिलेला उंडो होता आणि त्याच्यामागून माडाच्या काळ्या गुळाचा धुरकट गोडवा येत होता. सरळ तसेच लिहिले: 'करपलेल्या उंड्याचे बूड. नंतर माडाचा गूळ. शेवटी किंचित कडू, पण राग येत नाही.'

मुलाने कार्ड दोनदा वाचले. भट्टीत पावाचे कवच ज्या मायलार्ड अभिक्रियेने तांबूस होते, तीच माल्ट भाजतानाही होते, तेव्हा उत्तर अगदी बरोबर आहे असे तो म्हणाला आणि त्याने कार्ड चक्क फळ्यावर टाचले. पलीकडचे जोडपे आता मान लांबवून माझे वाचू लागले. भाच्याने फोटो काढला. तो कुणाकुणाला पाठवला याची चौकशी मी तेव्हाच करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन पाहतो तर चहाशेजारी बशीत एकच उंडो होता, बूड वर केलेला, कोळशासारखा काळा.

"पेन्सिल आणून देऊ का तुम्हाला?" बायकोने विचारले.