अंगठा उठला नाही म्हणजे कार्ड बोगस, असे नव्हे

‘रेशन दुकानात ई-पॉस मशीन आले, अंगठ्याशिवाय दाणा मिळेनासा झाला आणि चोरी संपली, कुठूनही धान्य उचलता येते, आता ज्याला धान्य मिळत नाही तो बोगसच’ अशा अर्थाचा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. त्यातले एकेक विधान तपासून पाहू.

‘चोरी संपली’ हे पहिले विधान. अंगठ्याने फक्त माणूस कोण हे ठरते. काट्यावर किती पडले हे ठरत नाही. अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील चार माणसांना महिन्याला २० किलो धान्य मिळायला हवे. मशीनवर २० किलोची नोंद करून पिशवीत १८ किलो घालणाऱ्या दुकानदाराला अंगठा अडवत नाही, उलट वितरण चोख झाल्याचा पुरावाच त्याच्या हाती देतो. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या पाहणीत नुसत्या अंगठ्याच्या सक्तीने गळती मोजण्याइतकी घटलेली आढळली नाही; आधार न जोडलेल्या कुटुंबांच्या वाट्याचे धान्य मात्र कमी झाले. पुढे २०१७ मध्ये मशीनच्या नोंदीनुसार दुकानात उरलेले धान्य वजा करून तेवढेच कमी धान्य दुकानांना पाठवले जाऊ लागले, तेव्हा गळती खरोखर कमी झाली, पण त्याबरोबर लाभार्थ्यांच्या ताटातलेही काही गेले.

‘अंगठा उठला नाही तो बोगस’ हे दुसरे विधान, आणि माझ्या मते सर्वांत अन्यायकारक. मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्याच प्रमुखांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारी सेवांमधील पडताळणीच्या यशाचे प्रमाण ८८ टक्के सांगितले होते. उरलेले १२ टक्के सगळे तोतये होते काय? विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. पदराला अंगठा पुसून, तेलाचे बोट फिरवून चौथ्यांदा काचेवर ठेवणाऱ्या म्हातारीला मागच्या रांगेतला प्रत्येक जण नावानिशी ओळखत असतो. ओळखत नाही ते फक्त मशीन.

‘ओटीपीची सोय आहेच’ असे यावर सांगितले जाते. घरातला एकुलता फोन मुलाबरोबर कामावर गेला असेल किंवा आधारला जोडलेले सिम कधीच बंद पडले असेल, तर ही सोय कागदावरच राहते.

‘कुठूनही धान्य उचलता येते’ हे मात्र खरे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात जोडीपासून सुरू झालेली ही सोय स्थलांतरित मजुरांच्या मोठ्या उपयोगाची आहे, आणि ती अशा मशीनशिवाय चालली नसती.

म्हणून मशीन काढा असे कोणी म्हणत नाही. आधार नसल्याच्या कारणावरून कोणाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. अंगठा उठला नाही तर नोंदवहीत सही घेऊन त्याच फेरीत धान्य द्यावे आणि मशीनने नाकारलेल्यांची यादी दरमहा दुकानाबाहेर लावावी. आज रिकाम्या पिशवीने परतलेली म्हातारी महिन्याच्या हिशेबात ‘न उचललेले धान्य’ म्हणूनच दिसते.