‘रॅम्प, 1 नग’

विषय ठेकेदार दिग्यानं काढला. जिल्हा परिषदेच्या एका शाळेला रॅम्प करायचाय, जोतं जमिनीपासून अडीच फूट उंच, आणि अंदाजपत्रकात एवढंच लिहिलंय: ‘रॅम्प, 1 नग’. सांगलीत हरिपूर रोडच्या कट्ट्यावर चहा यायच्या आत त्यानं हिशोबही मांडून टाकला. बारा फुटांत बसतंय, काम किरकोळ.

आप्पांची सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. ते म्हणाले, “बारा फुटांत अडीच फूट चढवलंस तर ती घसरगुंडी झाली. पाचास एकचा चढ. चाकांची खुर्ची वर ढकलताना वजन मागं जातंय, पुढची बारकी चाकं उचलतात आणि माणूस पाठीवर पडतो. उतरताना तर हातानं चाक आवरतच नाही.”

“मग किती पायजे?”

“बारास एक. एक इंच चढायला बारा इंच लांबी. अडीच फुटांना तीस फूट, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट.”

“चाळीस फूट! अंगण पंचवीस फुटांचं आहे आप्पा. रस्त्यावर काढू का?”

“वळव की. पंधरा फूट जा, पाच फुटांचा सपाट टप्पा घे, पंधरा फूट माघारी ये. तळाची सपाट जागा धरून लांबी पंचवीसच होतीय. रुंदी तेवढी नऊ फूट जाईल. दोन पट्टे चार-चार फुटांचे आणि मध्ये रेलिंग.”

इथं बाई मध्ये पडल्या. त्या दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षिका. बारास एक ही शेवटची हद्द आहे, ती गाठायचीच असं नाही, हे त्यांचं म्हणणं. जागा असेल तिथं पंधरास एक करा, कारण चढायचंय आठ वर्षांच्या पोराच्या दंडांना. आप्पा म्हणाले, जागा असेल तिथं. यावर दोघांचं काही जमलं नाही.

दिग्यानं ठेवणीतला प्रश्न काढला. “शाळेत खुर्चीवरचं एक तरी पोरगं आहे का?”

“पायऱ्या बघूनच आईबाप परत जातात, मग हजेरीपटावर दिसणार कसं?” बाई म्हणाल्या. “आणि तीच शाळा मतदान केंद्र असतीय. 2019 च्या पुरात माणसं आणून ठेवली ती शाळांतच ना? त्यात म्हातारी नव्हती?”

मतदानाचा मुद्दा खरा आहे, पण त्यातच एक गोम आहे. रॅम्प घाईनं होतो तो मतदानाच्या खोलीपुरता. पोराचा वर्ग दुसऱ्याच टोकाला, मध्ये दोन पायऱ्या.

विन्या वकील. त्यानं कायदा थोडक्यात सांगितला. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा. नियम जून 2017 ला आले. जुन्या सार्वजनिक इमारती त्यानंतर पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत 2022 लाच उलटली. नियमांतली मापं नुसती शिफारस आहेत अशी पळवाट होती, तीवरही सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये बोट ठेवलं आणि बंधनकारक नियम करायला सांगितलं. दिग्या म्हणाला, “कोर्टाचं राहू दे, माझं बिल मोजमाप पुस्तिकेवर निघतंय. तिथं ‘नग’ लिहिलंय.” त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही. नकाशा न जोडता ‘नग’ लिहिणाऱ्यानंच घसरगुंडी मंजूर केलेली असते.

मग आप्पांनी खरा मुद्दा काढला, तो म्हणजे माती. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. इमारतीचा पाया खोल आणि रॅम्प नुसता भरावावर, त्यामुळं दोन पावसाळ्यांत रॅम्प खचतो आणि जोत्याशी फट पडते. मोठं चाक ती ओलांडतं, पुढचं बारकं नेमकं आडवं होऊन अडकतं. म्हणून काळी माती काढायची, बाजूच्या भिंतींना स्वतंत्र पाया द्यायचा, आत मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून धुमसानं ठोकून भरायचा. सगळा मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे ठोकणं नव्हे. वरच्या काँक्रीटला सिमेंट टाकून गुळगुळीत घोटाई करायची नाही. ओलं असतानाच झाडूनं चढाला आडव्या रेघा ओढायच्या. कडेला तीन-चार इंचांची कड हवी, नाहीतर चाक बाहेर जातं. पण तिला पाणी जायला भोकं ठेवायची, नाहीतर शेवाळ धरतं.

मिरजेत फॅब्रिकेशन करणारा इकबाल तोवर गप्प होता. रेलिंगवर आल्यावर तो सुटला. “सगळे दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप मागतात. बाहेरून साठ मिलीमीटर भरतो, पोराच्या मुठीत बसत नाही. माप पायजे अडतीस ते पंचेचाळीस. म्हणजे जीआय घेतला तर सव्वा इंची, तो बाहेरून बेचाळीस भरतो. दीड इंची जीआय अठ्ठेचाळीसला जातो. स्टेनलेसचं माप मात्र बाहेरूनच धरतात, तिथं दीड इंची चालतंय.” दांड्या दोन, 900 आणि 760 मिलीमीटरवर, दोन्ही टोकांना फूटभर पुढं नेऊन खाली वळवलेल्या. वेल्डिंगची टोकं घासून काढायची. भिंतीला लागून दांडी असेल तर मध्ये दोन इंच जागा, नाहीतर बोटं सोलतात.

“आणि खांब कुठं रोवतोस?” आप्पांनी दिग्याला विचारलं.

“वरच, चार फुटांच्या आत.”

“मग चार फूट उरतात का? रुंदी दोन्ही बाजूंच्या दांड्यांच्या मधली मोजायची.”

दिग्यानं कप खाली ठेवला. हे त्याला पटलेलं दिसलं, कबूल मात्र केलं नाही.

रॅम्प चढून गेल्यावर उंबरा. बारा मिलीमीटरपेक्षा उंच असेल तर तोडायचा, नाहीतर दोन्हीकडून उतार द्यायचा. वर्गाचं दार चार फुटांचं दिसतं, पण ते दोन झडपांचं. एक झडप वरच्या कडीनं कायमची बंद आणि कडी गंजलेली, म्हणजे वाट दोनच फुटांची. नवी चौकट घालताना तीन फुटी मागवली तर चौकटीची जाडी आणि झडप वजा होऊन अडीच फुटांच्या आसपासच उरतं. मोकळे तीन फूट हवे असतील तर चौकट साडेतीन फुटांची सांगा.

सगळ्यात मोठा घोळ स्वच्छतागृहाचा. बाईंचा आवाज इथंच चढला. रॅम्प मुख्य दाराला, संडास मैदानापलीकडं, मध्ये खडी. खडीत खुर्ची रुततेच, त्यामुळं आधी चार फुटांचा पक्का रस्ता. खोली आतून 2200 बाय 2000 मिलीमीटर. दार बाहेर उघडणारं, कारण पोरगं आत पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. कमोडची बैठक 450 ते 480 वर. आधाराचा दांडा बैठकीच्या पातळीहून 200 मिलीमीटर वर, आणि तो साडेचार इंची विटांच्या भिंतीत नुसत्या स्क्रूनं टिकत नाही. पहिल्याच झटक्यात प्लॅस्टरसकट हातात येतो. आरपार बोल्ट घ्या आणि बाहेरून लोखंडी पट्टी द्या, असं इकबाल म्हणाला. नळ फिरकीचा नको, पातीचा.

“एवढं करून कुलूपच असतंय की,” दिग्या म्हणाला. “आत झाडू, चुना आणि निवडणुकीचे बोर्ड.”

याला कोणाकडंच उत्तर नव्हतं.

अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांचं फारसं बोलणं झालं नाही. पायरीच्या काठाला दोन इंची पिवळा पट्टा, चढाच्या आधी ठिपक्यांच्या फरशा. बाईंनी एक गोष्ट मात्र सोडली नाही: व्हरांड्यात बाहेर उघडणाऱ्या खिडक्यांच्या झडपा. काठी खाली मोकळी जागा दाखवते आणि झडप कपाळावर लागते. त्या उलट्या बसवायला खर्च जवळजवळ नाहीच.

शाळेच्या वरच्या मजल्यावरून भांडण पेटलं. आप्पांना लिफ्ट कागदावर ठीक वाटत होती. दिग्या म्हणाला, वीज जाते, देखभालीला पैसे नाहीत, पुराचं पाणी खड्ड्यात शिरलं की संपलं. त्यापेक्षा वर्ग खाली आणा, आणि संगणक खोलीही. नुसता वर्ग आणला तर पोरगं संगणकाच्या तासाला खाली एकटं बसतंय. बाई पहिल्यांदा त्याच्या बाजूनं बोलल्या.

पैशांवरही दोन तट. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी यात वळवा म्हणणारा विन्या एकटाच पडला. इमारत दुरुस्तीचं काम त्या पैशात घुसवलं तर माणसांच्या हातात जाणारी मदत आटेल, असं बाई म्हणाल्या, आणि ते खरं आहे.

उठता उठता दिग्यानं विचारलं, “झालेला रॅम्प बरोबर आहे का, हे शाळा समितीनं कसं बघायचं? लेव्हल मशीन थोडंच असतंय त्यांच्याकडं?”

आप्पा म्हणाले, “चार फुटी सरळ पट्टी घे, वर गवंड्याची पातळी ठेव. वरचं टोक रॅम्पवर टेकवायचं आणि खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचलायचं. पट्टीखाली चार इंचांपेक्षा जास्त अंतर आलं तर बिल अडवा.”

“म्हणजे माझंच.”

“तुझंच. आणि अंदाजपत्रकातला ‘नग’ आधी खोडून घे. लांबी, चढ आणि नकाशा मागून घे, मग कामाला हात लाव.”