‘घोका, लिहा, विसरा’: पहिल्या वर्षाच्या मुलींना हा सल्ला देऊ नका

नर्सिंगचे प्रवेश आटोपून पहिलं सत्र सुरू झालं की मुलामुलींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. दरवर्षी तोच, चार शब्द इकडचे तिकडे. यंदा तो मला चार जणींनी पाठवला. त्यातल्या एकीने खाली लिहिलं होतं, “मॅडम, हे खरं आहे का? मी मराठी मीडियमची आहे.”

मेसेज थोडक्यात असा: ‘ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी म्हणजे शंभर टक्के पाठांतर, समजून घेण्यात वेळ घालवू नका. आधी ॲनाटॉमी उरका, फिजिऑलॉजीचं नंतर बघा, दोन्ही विषय वेगळे आहेत. लॅबमधली हाडं बघून मार्क मिळत नाहीत, चित्रं फोनवर आहेत. मराठी मीडियमवाल्यांना नावं कळणारच नाहीत, त्यांनी अर्थाच्या मागे न लागता स्पेलिंगं घोकावीत. प्रश्नसंच दहा वेळा वाचा, पेपर लिहा आणि विसरा. वॉर्डात यातलं काही लागत नाही.’

मी सोळा वर्षं हा विषय, म्हणजे शरीराची रचना (ॲनाटॉमी) आणि शरीराचं काम (फिजिऑलॉजी), शिकवते, त्याआधी वॉर्डात काम केलं आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. घाबरलेल्या पोरींना धीर द्यायचा असेल. पण हा मेसेज मनावर घेतलेल्या मुली मी दरवर्षी बघते, आणि त्यातल्या कितीतरी हुशार असूनही पहिल्याच सत्रात अडकतात.

पहिलं म्हणजे पाठांतर. ते लागतं, यात वाद नाही. मनगटाची आठ हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या (नर्व्ह) बारा जोड्या, यांचा क्रम घोकावाच लागतो आणि मी तो वर्गात मोठ्याने म्हणून घेते. पण तेवढ्यावर विषय संपतो का? शरीरात हाडं किती विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘दोनशे सहा’ म्हणतो. मग मी विचारते, तान्ह्या बाळाच्या अंगात किती? वर्ग गप्प. बाळाची हाडं जास्त असतात, मोजाल तशी २७० ते ३०० च्या आसपास, आणि वाढता वाढता ती एकमेकांना जुळतात. कमरेच्या खालचे पाच मणके जुळून एक सेक्रम होतं. कवटीची हाडं जन्मताना सुटी असतात, कारण बाळंतपणाच्या वाटेतून डोकं बाहेर येताना ती जराशी एकमेकांवर सरकावी लागतात, आणि पुढे मेंदू झपाट्याने वाढतो त्यालाही जागा लागते. त्या हाडांच्या मधली मऊ जागा म्हणजे टाळू. आजी तेल घालते तीच. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. जुलाब होत असलेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली, तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे सिस्टरला तिथल्या तिथे कळलं पाहिजे. टाळू प्रत्येकीने घरी पाहिलेली असते. तिच्यावरून कवटी समजली की कवटीच्या हाडांची नावं दोन दिवसांत बसतात, आणि बसलेली राहतात.

सुश्रुताने हाडं ३०० सांगितली आहेत, चरकाने ३६०. ‘म्हणजे त्यांचं चुकलं’ असं मुली पटकन म्हणतात. त्यांनी दात मोजले होते, कुर्चा मोजल्या होत्या, चरकाने तर नखंही. काय मोजायचं ते आधी ठरतं, मग आकडा येतो. हे माहीत असलेली मुलगी २०६ सुद्धा जास्त समजून सांगते.

आता मेसेजमधलं मला सगळ्यात घातक वाटणारं वाक्य: दोन्ही विषय वेगळे आहेत. पेपरात भाग वेगळे असतील. अभ्यासक्रमात नावंही वेगळी आहेत, अप्लाइड ॲनाटॉमी आणि अप्लाइड फिजिऑलॉजी. पण दोन्ही एकाच सत्रात ठेवलेत आणि दोन्हींच्या आधी ‘अप्लाइड’ आहे, ते उगीच नाही.

दरवर्षी मी मटणाच्या दुकानातून बोकडाचं अख्खं हृदय आणते. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर वरच्या नळ्या छाटून टाकतात. ट्रेमध्ये ठेवून खालचे दोन्ही कप्पे उभे चिरायचे. डाव्या कप्प्याची भिंत करंगळीएवढी जाड निघते, उजव्याची तिच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची. मुली बोटांच्या चिमटीत धरून दोन्ही दाबून बघतात. मी एवढंच विचारते, एकाच हृदयाच्या दोन भिंती अशा का? एका वर्षी मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, “मॅडम, उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच ढकलायचंय. डाव्याला पार पायाच्या अंगठ्यापर्यंत.” तिने फिजिऑलॉजीचं ते प्रकरण अजून उघडलंही नव्हतं. मग महाधमनीच्या तोंडातून हळूच पाणी ओतायचं. आतल्या तीन पाकळ्या फुगतात, एकमेकींना भिडतात आणि पाणी वरच थांबतं. झडप म्हणजे काय, हे त्यानंतर कोणाला शिकवावं लागत नाही.

रचना आणि काम यांची फारकत केली की काय होतं, याचं उदाहरण इतिहासातच आहे. इटलीतल्या पादुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे मोठे शिक्षक होते. शिरांमधल्या झडपांवर त्यांनी १६०३ साली चित्रांसह पुस्तक छापलं. झडपा कुठे, कशा, सगळं दाखवलं. पण त्या कशासाठी, याचं उत्तर त्यांना सापडलं नाही. रक्त हातापायांकडे धो धो वाहून साचू नये म्हणून त्या आहेत, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्याकडेच शिकून गेलेल्या विल्यम हार्वीने दंडाला पट्टी बांधली, शिरा फुगू दिल्या, आणि १६२८ साली जगाला दाखवून दिलं की शिरांमधलं रक्त हृदयाकडेच जातं.

तो प्रयोग माझ्या वर्गात दहा मिनिटांत होतो. टुर्निके, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधायचा. हाताची शीर टरारून वर येते, तिच्यावर अधूनमधून छोट्या गाठी दिसतात, त्या झडपा. एका बोटाने शीर मनगटाच्या बाजूला दाबून धरायची आणि दुसऱ्या बोटाने रक्त वरच्या दिशेला, गाठीच्या पलीकडे पुसून न्यायचं. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो, रक्त खाली परतत नाही. खालचं बोट उचला, क्षणात भरतो. मग फळ्यावर हिशेब. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. तासाला तीनशे. आणि अंगात रक्त आहे पाच लिटरच्या आसपास. मग तासाला तीनशे लिटर येतं कुठून? तेच तेच फिरतं, असं मुलीच सांगतात. हार्वीनेही असाच गुणाकार मांडला होता. सलाईन लावताना शीर शोधायची ती हीच, आणि सुई गाठीवर नाही तर सरळ तुकड्यात घालायची ती याच कारणाने.

फोनवरच्या चित्रांना माझा विरोध नाही. स्नायूंचा एकेक थर बाजूला करून बघायला ती छान आहेत. पण फोनवरचं दंडाचं हाड सपाट असतं. खरं ह्युमरस हातात घ्या, मागच्या बाजूने अंगठा तिरका खाली फिरवत न्या, मधोमध एक उथळ खाच लागते. त्या खाचेतून रेडियल नर्व्ह हाडाला चिकटून जाते. म्हणून दंडाचं हाड मधोमध मोडलं की काही पेशंटचं मनगट लटकतं, पंजा वर उचलता येत नाही. ज्या अंगठ्याने ती खाच चाचपली, तो अंगठा हे विसरत नाही. सुश्रुतानेसुद्धा शल्य शिकणाऱ्याला ग्रंथ वाचून थांबू दिलं नाही. देह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग वाळ्याच्या कुंच्याने एकेक थर हलके घासत डोळ्यांनी बघायचा, अशी रीत त्याने सांगितली आहे.

मराठी मीडियमबद्दलचं वाक्य वाचून मला खरोखर वाईट वाटलं, कारण ते मुलींना त्यांची सगळ्यात मोठी शिदोरी टाकून द्यायला सांगतं. ॲनाटॉमीची नावं इंग्रजी नाहीतच मुळी. ती लॅटिन आणि ग्रीक आहेत, इंग्रजी मीडियमच्या मुलीलाही तितकीच परकी. उलट या दोन्ही भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या. डेंटल म्हणजे दंत. पेडिस म्हणजे पद. जेनू म्हणजे जानु, गुडघा. नेझल म्हणजे नासा. ऑस्टिओ म्हणजे अस्थि. बाय आणि ट्राय म्हणजे द्वि आणि त्रि, म्हणून दोन डोक्यांचा तो बायसेप्स, तीन डोक्यांचा ट्रायसेप्स. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड हे नाव ऐकून घाम फुटतो, पण त्यात त्या स्नायूचा पत्ता दिलाय: स्टर्नम म्हणजे छातीचं मधलं हाड, क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याजवळचं आडवं हाड, आणि कानामागचं मॅस्टॉइड. मान वळवा, बोटाने चाचपा, तिन्ही टोकं सापडतील.

आणि ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आला. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं म्हणून. आपण लहानपणी काय म्हणायचो? ‘बेटकुळी काढून दाखव.’ त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. हे सांगितलं की वर्गातल्या मराठी मीडियमच्या मुली पहिल्यांदा मान वर करून बघतात.

अडचण खरी आहे ती उत्तरं इंग्रजीत लिहिण्याची. त्याला सराव लागतो, पहिले तीन महिने जड जातात, हे मी लपवत नाही. त्यावर मी एक वही करायला लावते. इंग्रजी नाव, त्याचा अर्थ, आपला मराठी शब्द, आणि काम. टिबिया, नडगी. कॉक्सिक्स, माकडहाड. स्प्लीन, पानथरी. पेशंट वॉर्डात ‘कॉक्सिक्स दुखतंय’ म्हणत नाही. ‘काळजात कळ आली’ म्हणतो, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं, म्हणून काळीज म्हणताना त्याने हात नेमका कुठे ठेवलाय ते बघायचं. ही वही त्या मुलीच भरू शकतात ज्यांच्या घरात हे शब्द रोज बोलले जातात.

प्रश्नसंच दहा वेळा वाचण्याबद्दल थोडक्यात सांगते. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. मेसेज लिहिणाऱ्याचा अनुभव पाच मिनिटांचा आहे, परीक्षा आठवड्यांनंतर असते. दहा वेळा वाचण्याऐवजी दोनदा वाचा, वही मिटा, कोऱ्या कागदावर हृदय काढा आणि रक्ताची वाट बाणांनी दाखवा. जिथे हात अडेल तिथेच पुस्तक उघडा.

आणि वॉर्डात लागत नाही? राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात सोडायची नळी, घालण्याआधी ती नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात. तेवढी लांबी का, हे माहीत नसलेली मुलगी नुसती नळी सरकवते. पेशंटला हनुवटी खाली करून गिळायला का सांगायचं, हे एपिग्लॉटिस, म्हणजे गिळताना श्वासाची वाट झाकणारी पाकळी, कळल्याशिवाय कळत नाही. लहान मुलाच्या श्वासात शेंगदाणा गेला तर तो बहुतेक वेळा उजव्या बाजूला का सापडतो? उजवी श्वासनलिका आखूड, रुंद आणि जास्त सरळ उतरते म्हणून. डॉक्टर येईपर्यंत स्टेथोस्कोप दोन्ही बाजूंना लावून आवाज कुठे कमी आहे हे ऐकणारी सिस्टर आणि नुसती वाट बघणारी सिस्टर यांत फरक या एका ओळीचा आहे.

कमरेच्या इंजेक्शनचं तर काय सांगू. नितंबाचे मनाने चार भाग करायचे आणि वरच्या बाहेरच्या भागातच सुई घालायची, हे सगळ्या पाठ म्हणतात. खालच्या आतल्या बाजूने अंगातली सगळ्यात जाड नस, सायाटिक, जाते, म्हणून. मी वॉर्डात असताना चुकीच्या जागी सुई गेलेला एक मुलगा पाहिला आहे. पाऊल घासत चालायचा. ती सुई देणारीने जागा पाठ केली होती, कारण नव्हतं केलं, आणि घाईच्या वेळी पाठ केलेलं आधी निसटतं. तेव्हापासून हा तास मी दोनदा घेते, एकदा मॉडेलवर, एकदा प्रत्येकीने स्वतःच्या कमरेवरची हाडं चाचपून.

जिने मेसेजखाली प्रश्न लिहिला होता, तिला मी उत्तर पाठवलं: हे खरं नाही. सोमवारी लॅबला ये, ह्युमरस बाहेर काढून ठेवते. येताना दोनशे पानी वही आण, आणि तुमच्याकडे पोटरीला, घोट्याला, बरगडीला काय म्हणतात ते आजीला विचारून ये.